पिनकोडाची वेस
(युवकांच्या अभ्यासशिबिरात केलेलं भाषण)



आज कविता वाचणार नाय. सहा आकड्यांबद्दल बोलणार आहे. आपण फॉर्मवर पत्त्याखाली जे सहा आकडे लिहितो ना, ते.

पिनकोड सुरू झाला 15 ऑगस्ट 1972 ला. दिल्लीतले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तो बसवला. मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारा. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडं सरकार देशाला नंबर घालत होतं आणि इकडं आपली पोरं गावकुसाबाहेरच्या माणसाचा हिशोब मागत होती. दोन्ही गोष्टी पत्त्याच्याच.

पहिला आकडा देशाचा विभाग, आपला 4. पहिले दोन म्हणजे टपालाचं सर्कल. महाराष्ट्राचे 40 ते 44, त्यातच गोव्याचा 403. तिसऱ्या आकड्यानं टपालाची छाटणी कुठं होणार ते कळतं. शेवटचे तीन म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट. मुंबईत आधीच झोन होते. वरळी ‘मुंबई-18’ होती, ती 400 018 झाली. बस्स, एवढंच.

म्हणजे पिनकोड ही जमिनीची हद्द नव्हती. ती पोस्टमनची वाट होती. आम्ही गोदीत गोणी वाहतो. गोणीवरचा मार्का माल कुठं न्यायचा ते सांगतो. आतला दाणा किडका की चांगला, ते सांगत नाय.

पण बाजाराला वाट पुरत नाही, त्याला कुंपण लागतं. कर्ज कुठल्या भागात द्यायचं, सामान कुठं पोचवायचं, रोगाचे आकडे कुणाच्या खाती मांडायचे, सगळं पिनवर. मग नकाशावर रेघ पाहिजे. ती कशी काढतात? पत्त्यांचे ठिपके मांडायचे. ज्या ठिपक्याला जी जमीन जवळ, ती त्या पिनची. मग कडेकडेनं रेघ ओढायची. कॉम्प्युटरात ही रेघ म्हणजे अक्षांश-रेखांशाच्या जोड्यांची माळ. पहिली जोडी आणि शेवटची जोडी एकच, म्हणजे कुंपण बंद.

आता विचार करा. ज्या वस्तीत घरनंबर नाय, दाराला पाटी नाय, तिथं ठिपका कुठून येणार? तिथली रेघ शेजारच्या टॉवरच्या ठिपक्यावरून ओढली जाते. आपण आहोत पण मोजणीत नाही. आमच्या गल्लीतल्या एका पोरानं मोटारसायकलसाठी कर्ज मागितलं. पगाराची स्लिप होती, कागद होते. कंपनीच्या माणसानं पिन विचारला आणि म्हणाला, या एरियात आम्ही देत नाही. जात विचारायची गरजच उरली नाय. पिन विचारला की भागलं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. पँथर हे नाव आपण तिथल्या काळ्या बांधवांकडून घेतलं, तेव्हा त्यांचं दुखणं आपल्याला परकं नाही. मिशिगन राज्यात फ्लिंट शहर आहे. अर्ध्याहून जास्त वस्ती काळ्यांची. एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी बदललं, नदीचं दिलं. त्या पाण्यानं जुने पाइप खाल्ले आणि शिसं नळातून पोरांच्या पोटात गेलं. लोक ओरडत होते. राज्याचे अधिकारी म्हणत होते, आकड्यांत काही दिसत नाही. का दिसत नव्हतं? त्यांनी आकडे तिथल्या पिनकोडवर, झिपकोडवर, मांडले होते. फ्लिंटचा झिपकोड लावणाऱ्या पत्त्यांपैकी जवळपास एक तृतीयांश पत्ते शहराबाहेरचे होते. ते लोक ते पाणी पीतच नव्हते. बाहेरच्यांच्या चांगल्या रक्तात आतल्या पोरांचं शिसं विरघळून गेलं. कागदावर सगळं ठीक!

मोना हॅना-अतीशा ही बालडॉक्टर आणि रिचर्ड सॅडलर हा भूगोलवाला, दोघांनी घराघराचे पत्ते नकाशावर मांडले. रक्तात जास्त शिसं असलेल्या पोरांचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 4.9 टक्क्यांवर गेलेलं निघालं. सप्टेंबर 2015 मध्ये डॉक्टरबाईंनी ते जाहीर केलं आणि ऑक्टोबरात पाणी बदलावं लागलं. 1927 ला महाडला जाऊन आलेल्या लोकांची आपण लेकरं. कोण कुठलं पाणी पितं, हा प्रश्न आपल्याला कुणी शिकवायला नको.

आणि हद्द तरी आपल्याला कुठं नवी? गावाची शिव कुठून कुठं, हे महाराला माहीत. शिवेचा तंटा झाला की साक्षीला महार. सांगावा न्यायला महार, मयताची खबर न्यायला महार. म्हणजे गावाचा नकाशाही आपला बाप आणि पोस्टमनही आपलाच बाप! आणि त्याचं घर? वेशीबाहेर. ती वतनं 1958 च्या कायद्यानं गेली. शिव वाचायची विद्या मात्र आपण वतनाबरोबर टाकून द्यायची नव्हती.

आता ती परत उचलायची वेळ आली आहे. टपाल खात्यानं देशभरच्या पिनकोडांच्या हद्दी नकाशावर घेतल्या, 2025 मध्ये सगळ्यांसाठी खुल्या केल्या. देशात 19 हजारांवर पिन आहेत. फाइल फुकट आहे, मोबाइल आपल्या खिशात आहे. त्याच वर्षी ‘डिजिपिन’ही आला. साधारण 4 मीटर बाय 4 मीटरचा एकेक चौकोन, त्याला 10 अक्षर-आकड्यांची खूण. एका झोपडीएवढा चौकोन. पण पोटमाळ्यावरच्या भाडेकरूची खूण आणि खालच्या मालकाची खूण एकच. मशीन वर बघत नाय. वरच्याला मोजायचं काम आपलंच.

म्हणून माझं म्हणणं असं. प्रत्येक शाखेनं आपल्या वस्तीचा पिन नकाशावर उघडावा. रेघ कुठून जाते ते पायानं चालून बघावं. वस्ती मधोमध कापली असेल तर लिहून काढावं, पोस्टात अर्ज द्यावा, पोच घ्यावी. टीबीचे, गटाराच्या पाण्याचे, जळालेल्या घरांचे आकडे मागताना पिनवर मागू नका. गल्लीवर मागा, घरावर मागा. पिनवर मागाल तर शेजारच्या टॉवरची तब्येत तुमच्या नावावर चढेल आणि साहेब म्हणेल, इथं सगळं ठीक आहे.

पुढच्या रविवारी वही, पेन आणि चार्ज केलेला मोबाइल घेऊन या. आपल्या वस्तीपासून सुरुवात करू.

जयभीम.