ओझे वाहिलेल्या गाड्या
(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या मोटारींचे प्रदर्शन म्हटले की संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, पेढीवाल्यांच्या ब्यूक आणि त्यांच्या लखलखीत पितळी दिव्यांभोवती दाटलेली गर्दी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. दिल्लीत ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राने १९६४ साली अशा मोटारींची रॅली सुरू केली, पुढे मुंबईतही त्यांची संचलने होऊ लागली, आणि या हौसेला समाजात यथायोग्य प्रतिष्ठा लाभली. परंतु ज्या गाड्यांनी धान्य, कापूस, केळी, विटा आणि वेळप्रसंगी लग्नाचे वऱ्हाडही वाहिले, ज्यांच्या पाठीशी गुबगुबीत आसनांच्या जागी उघडा हौदा होता, त्या लहान मालवाहू गाड्यांकडे रसिकतेने पाहणारी मंडळी आपल्याकडे थोडी आहेत. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी हिवाळ्यातील रविवारी सकाळी आम्ही काही समानशील मित्र जमतो, ते याच गाड्यांच्या ओढीने.

झाडांच्या सावलीत गाड्या उभ्या राहतात, बॉनेट उघडली जातात, आणि आयुष्यभर स्टेअरिंग धरलेला एखादा वृद्ध चालक, गॅरेजमधील मिस्त्री, केळीचा बागाईतदार आणि अभियांत्रिकी शिकणारा तरुण असे चौघे एकाच इंजिनावर ओणवे होतात. इंजिन सुरू झाल्यावर सर्व जण क्षणभर बोलणे थांबवून कान देतात. कोणते सिलिंडर मागे पडते आहे, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे की प्लगवर काजळी धरली आहे, याविषयी जी चर्चा मग रंगते, तिच्यातील ज्ञान ग्रंथांत क्वचितच उतरलेले असते. उंच बॉनेटच्या जुन्या जीपला पुढून हँडल मारून चालू करताना अंगठा दांड्याभोवती न गुंडाळता बाकीच्या बोटांच्याच बाजूला का ठेवावा, हे तो वृद्ध चालक तरुणाचा हात हाती घेऊन समजावतो. कारण इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. अशा वेळी तेथे उपस्थित असणे हा मला निर्मळ आनंदाचा भाग वाटतो.

या वाहनांचा वंशवृक्ष पाहू गेल्यास अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली कारखान्यातूनच हौदा बसवलेली मॉडेल-टी गाडी २८१ डॉलरांना विक्रीस आणली, तेथवर मागे जावे लागते. तत्पूर्वी ग्राहक साधी मोटार घेऊन स्थानिक सुतारा-लोहारांकडून तिला मागे पेटी बसवून घेत. आपल्याकडे जनरल मोटर्सने १९२८ च्या अखेरीस शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास कुर्ल्याच्या कारखान्यात तेच काम आरंभिले, तर महिंद्र कंपनीने मुंबईतच जीपची जुळणी हाती घेतली. मात्र खानदेशाच्या शिवारात जी गाडी खऱ्या अर्थाने घरची झाली, ती १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीची मॅटॅडोर होय, असे माझे मत आहे.

या मताला सबळ कारण आहे. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातील केळीचा घड काळ्या मातीच्या वाटेवरून बागेबाहेर काढणे, त्याला धक्का लागू न देणे आणि तो वेळेत रेल्वेच्या वाघिणीपर्यंत किंवा बाजारापर्यंत पोहोचवणे, हे मोठे नाजूक काम. एका घडाला लागलेला मार दोन दिवसांनी काळा डाग होऊन व्यापाऱ्याच्या तोंडी भाव पाडण्याचे निमित्त ठरतो. बैलगाडीला वेळ लागे, मोठा ट्रक बागेच्या तोंडाशी वळत नसे. मॅटॅडोरच्या सुरुवातीच्या रचनेत इंजिनाची गती पुढच्या चाकांना मिळत असल्याने मागचा हौदा जमिनीपासून कमी उंचीवर ठेवता आला, आणि खांद्यावर घड घेतलेल्या मजुराला तो चढवताना फारसा हात उंचवावा लागला नाही. तळाशी केळीची वाळलेली पाने अंथरून वर थरावर थर रचलेली अशी गाडी फाळका बांधून निघाली, की तिच्यावर एका कुटुंबाच्या वर्षभराच्या जमाखर्चाचा भार असे.

म्हणूनच आमच्या मंडळींत एका प्रश्नावर नेहमी वाद होतो. गाडी नव्याने रंगवून चकचकीत करावी, की हौद्यातील ओरखडे, मजुरांच्या हातांनी गुळगुळीत झालेली फाळक्याची कड आणि केळीच्या चिकाचे काळे डाग तसेच राखावेत? गंज थांबवावा, ब्रेक आणि पाटे निर्दोष करावेत, परंतु श्रमाच्या खुणा पुसू नयेत, असा माझा पक्ष आहे. राजेशाही मोटारीचे सौंदर्य तिच्या झिलईत असेल, मालवाहू गाडीचे सौंदर्य तिच्या झिजेत आहे.

खंत एवढीच की सरकारी दप्तरात या झिजेला स्थान नाही. केंद्र सरकारने २०२१ साली काढलेल्या अधिसूचनेनुसार पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूप राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची स्वतंत्र नोंदणी सुरू झाली, नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये ठरले, आणि प्रदर्शन वा रॅलीसाठी अशी वाहने रस्त्यावर आणण्याची मुभा मिळाली. परंतु ही सवलत वैयक्तिक वापराच्या दुचाकी व चारचाकी वाहनांपुरती आहे. ज्यांनी भाड्याने माल वाहिला, त्या गाड्या तिच्या कक्षेबाहेर राहतात. ऐश्वर्याचे अवशेष जपावेत आणि श्रमाचे भंगारात घालावेत, हा भेद मला अन्यायाचा वाटतो, आणि मालवाहू वाहनांचा समावेश या नियमात व्हावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

श्रोतेहो, जळगाव-धुळ्याच्या कित्येक खळ्यांत आणि गोठ्यांच्या आडोशाला एखादी मॅटॅडोर किंवा हौद्याची जीप अजून उभी असेल. भंगारवाल्याशी सौदा करण्यापूर्वी तिचे आरसी बुक शोधून ठेवा, ती ज्यांनी चालवली त्यांच्याकडून तिची हकीकत लिहून घ्या, आणि शक्य झाल्यास एखाद्या रविवारी ती मेहरूणच्या काठी घेऊन या.