पट्टा म्हणजे मालकी नव्हे



आज तंजावरहून बोलतोय. तिरुवैयारु तालुक्यात आमचं गाव. घरात मराठी, शेतावर तमिळ, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. फौजेतून निवृत्त होऊन परतलो तेव्हा कळलं, की वडिलांच्या दोन एकर भातशेतीचा पट्टा चुलत भावाच्या नावावर चढलाय आणि त्यानं ती जमीन विकलीही आहे. त्याचं म्हणणं, "काकांनी मला तोंडी दिली होती." माझ्याकडे होतं नोंदणीकृत वाटणीपत्र.

महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी सांगतो. इथला पट्टा म्हणजे साधारण तुमचा सातबारा. पिकांच्या नोंदीला अडंगल म्हणतात. दोन्ही महसुली कागद. मालकीच्या पुराव्याला त्यांची मदत होते, पण त्यांनी मालकी ठरत नाही.

हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. मी थेट तहसीलदारांकडे गेलो आणि म्हटलं, पट्टा रद्द करा. तिथून प्रांताकडे अपील. 1983 च्या पट्टा पासबुक कायद्यात तहसीलदार, प्रांत, जिल्हा महसूल अधिकारी अशा पायऱ्या आहेत. पण जमीन कुणाची हाच वाद असेल, तर उत्तर एकच मिळतं: दिवाणी कोर्टात जा. माझं एक वर्ष यात गेलं.

हे वर्ष महागात पडू शकलं असतं. आपल्या हक्काला बाध आल्यापासून हक्क जाहीर करून मागायला मुदत तीन वर्षांची. दस्त रद्द करून मागायचा असेल तरी तीनच, फसवणूक कळल्यापासून. मालकीच्या आधारे ताबा मागायला बारा वर्षं मिळतात, पण त्या भरवशावर बसू नका.

वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, "कर्नलसाहेब, विक्रीच्या दस्तावर तुमची सही आहे का?" नव्हती. सही आपलीच असेल, पण फसवून घेतलेली, तर तो दस्त रद्द करून मागायचा. आपण दस्तात नसूच, तर तो आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये सुहृद सिंग खटल्यात हा फरक स्पष्ट केला. कोर्ट फीसुद्धा त्यावर ठरते.

दुसरा प्रश्न: "आज भात कोण लावतंय?" खरेदीदार. मग ताबाही त्याच दाव्यात मागायला हवा. मागता येत असून मागितला नाही, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 34 प्रमाणे कोर्ट नुसती घोषणा देत नाही. म्हणून भाऊ आणि खरेदीदार दोघांना प्रतिवादी केलं आणि चार गोष्टी मागितल्या: मालकीची घोषणा, विक्री बंधनकारक नाही ही घोषणा, ताबा आणि पुढच्या विक्रीला मनाई.

मग समन्स, कैफियत, मुद्दे, पुरावा, उलटतपासणी. सात वर्षं लागली. निकाल माझ्या बाजूनं लागला. तो घेऊन तहसील कचेरीत गेलो, तेव्हा पट्टा बदलला. चुलत भावाच्या घरी मात्र आमचं जाणं-येणं आजही बंद आहे.

"नोंदणी कार्यालयातच दस्त रद्द होत नाही का?" असं अनेक जण विचारतात. तमिळनाडूनं 2022 मध्ये कलम 77-अ आणून जिल्हा निबंधकांना तसा अधिकार दिला होता. 2024 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं ते कलम घटनाबाह्य ठरवलं. म्हणजे पुन्हा दिवाणी कोर्टच.

कोर्टाचा कंटाळा आला, की मला आपल्या राणीसाहेब आठवतात. 1855 मध्ये दुसरे शिवाजीराजे वारले, मुलगा नव्हता. कंपनीनं राज्याबरोबर खासगी मिळकतही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात जिंकल्या. पण 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं निकाल फिरवला: ही राज्यसत्तेची कृती, कोर्टाला तिची तपासणी करता येत नाही. 1862 मध्ये सरकारनं मिळकत परत केली, ती मेहेरबानी म्हणून.

राणीला दारच बंद होतं. आपल्याला ते उघडं आहे, फक्त वेळेत आणि योग्य मागणी घेऊन जायला हवं. म्हणून दर वर्षी, मेट्टूरचं पाणी कालव्यात यायच्या सुमारास, पट्टा आणि नोंदणी कार्यालयातला बोजाचा उतारा काढून बघा. नोकरीवर असलेल्या जवानांनो, तुम्ही तर नक्कीच.

जय हिंद.