सतरा सप्टेंबर आणि वर्गातील मूल

(जळकोट येथे प्राथमिक शिक्षकांपुढे झालेले भाषण)



दिनांक १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याची प्रमुख तुकडी सोलापूरकडून नळदुर्गाच्या वाटेने हैदराबाद संस्थानात शिरली. जळकोट त्याच रस्त्यावर वसले आहे. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या स्मरणार्थ शाळाशाळांतून ध्वजवंदन होते, आणि ते उचितच आहे. परंतु ध्वजवंदन आटोपताच एखाद्या मुसलमान विद्यार्थ्यास सोबत्यांनी ‘रझाकार’ अशी हाक मारली, तर शिक्षकाने काय करावे? ज्याच्या आजोबांचाही जन्म बहुधा त्या घटनेनंतरचा, त्या मुलाच्या माथी हे नाव मारले जाते.

‘गप्प बसा’ एवढे म्हटल्याने भागत नाही. तो शब्द पुष्कळदा घरून आलेला असतो आणि त्यामागे खरे दुःख असते. रझाकारांच्या जुलमामुळे या भागातील अनेक कुटुंबांना गाव सोडून सोलापूरकडे जावे लागले. ते दुःख नाकारून मूल सुधारत नाही. त्याला उरलेला इतिहासही सांगावा लागतो. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी रझाकारांविरुद्ध व भारतातील विलीनीकरणाच्या बाजूने निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांची हत्या केली. पुढे पोलीस कारवाईनंतर सूडाचे सत्र सुरू झाले. पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने त्याच वर्षाअखेर पाहणी केली. तिने नोंदविलेल्या सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. लहान वर्गांत या हिंसेचे वर्णन नको. सातवीच्या मुलास मात्र एवढे समजते.

दुखावलेल्या मुलास शिक्षकाने प्रथम एकांतात भेटावे. त्याला वर्गापुढे उभे करून ‘हाही आपलाच आहे’ म्हणण्याचा हेतू चांगला असतो, पण त्याने ते मूल अधिकच एकटे पडते. नाटिकेत कासीम रझवीचे काम कोणी करावे, हे नावावरून ठरवू नये; चिठ्ठ्या टाकाव्यात. हाक मारणाऱ्यासही छडी नको (२००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही निषिद्ध आहेत). ‘हा शब्द कोठे ऐकलास? शोएबुल्ला खान कोण होते?’ असे त्याला शांतपणे विचारावे.

खरे काम उरते ते पाहत राहिलेल्या मुलांचे. शिवीला शिवी, नाहीतर मौन, एवढ्या दोनच वाटा त्यांना ठाऊक असतात. अपमान झालेल्या सोबत्याशेजारी जाऊन उभे राहावे आणि ‘त्याला त्याच्या नावाने हाक मार’ एवढेच म्हणावे, हे त्यांना शिकविता येते. मात्र तत्पूर्वी हजेरी घेताना गुरुजींनीही ‘ए पठाण’, ‘ए शेख’ यावर न भागविता त्या मुलाचे पूर्ण नाव नीट उच्चारलेले असावे.