शेततळ्यातलं शेवाळ

आपल्या जालना जिल्ह्यात शेततळी खूप झाली. कडवंचीच्या द्राक्षबागा तर त्यांच्याच जिवावर आहेत. पण उन्हाळा लागला की पाण्यावर शेवाळ चढतं, ठिबकचा फिल्टर तुंबतो, आणि तो धुवायला घरातलं कोण जातं, हे आम्ही सांगायला नको.

आमच्या गटानं कर्ज काढून तळ्यात रोहू, कटला सोडले होते. शेवाळ माजलं म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून अंदाजानं मोरचूद टाकला. शेवाळ मेलं, तळाशी कुजलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडत होते. निम्मे गेले. हप्ता मात्र पुराच राहिला. मोरचुदातलं तांबं माशांनाही विष, आणि शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, हे नंतर कळलं.

शेवाळाला ऊन लागतं आणि खत लागतं. आम्ही ज्या नाल्याचं पाणी तळ्यात घेतो, त्यातच वरच्या अंगाला गोठ्याचं शेणपाणी उतरत होतं! चर काढून ते वळवलं. माशांना ओंजळी भरभरून पेंड टाकायचो. उरलेली कुजून खतच व्हायची. तीही कमी केली.

आता दर आठवड्याला दोघी दोन काठांवरून जुनी साडी ओढून शेवाळ काढतो. साडी नायलॉनची घ्या, सुती भिजून जड होते. प्लास्टिकवरून पाय घसरतो, म्हणून कमरेला दोर बांधल्याशिवाय कुणी उतरत नाही. काढलेलं शेवाळ उकिरड्यात जातं.

शेवाळ अजून येतंच. पण फिल्टर रोज धुवायचो, तो आता चार दिवसांनी धुतो.