न सांगता पटवणाऱ्या प्राध्यापिका
(वर्धापनदिनाच्या समारंभात झालेले भाषण)



'एखाद्या विदुषीविषयी बोला,' असे चिटणीसबाईंनी सुचवले, तेव्हा प्राध्यापिका शाफी गोल्डवासर यांचे नाव माझ्या मनात आले. त्यांचा विषय सैद्धान्तिक संगणकशास्त्र. नाव ऐकून घाबरू नका. या शास्त्राला यंत्रापेक्षा कागद, पेन्सिल आणि चिकाटीच अधिक लागते.

बाईंचा जन्म न्यूयॉर्क येथे झाला. शालेय शिक्षण इस्रायलमध्ये, पुढचे अमेरिकेत. बर्कले येथे विद्यार्थिनी असतानाच, १९८२ साली, सिल्व्हिओ मिकाली यांच्यासह त्यांनी गुप्त संदेशाची कसोटी ठरवली: तोच मजकूर पुन्हा पाठवला तरी तो निराळा दिसावा, आणि चोरून पाहणाऱ्याला त्यातले काहीच ताडता येऊ नये. १९८३ पासून त्या एम. आय. टी. या संस्थेत शिकवू लागल्या.

त्यांचा दुसरा विचार तर आपल्या स्वयंपाकघरातही समजावा असा आहे. समजा, दोन सारख्या वाट्यांत दोन मसाले आहेत. सूनबाई म्हणतात, 'मला वासावरून ओळखता येतात.' सासूबाईंना दोन्ही सारखेच वाटतात. त्यांनी वाट्या पदराआड घ्याव्यात, वाटल्यास अदलाबदल करावी, नाही तर तशाच पुढे ठेवून विचारावे, 'बदलल्या का?' एकदा उत्तर बरोबर आले तर तो योगायोग. नुसत्या अंदाजाने ओळीने दहादा बरोबर येण्याचा संभव १०२४ त एक. वीसदा येण्याचा, दहा लाखांत एकाहूनही कमी. सासूबाईंची खात्री पटते, पण वास कसा ओळखावा हे गुपित सूनबाईंपाशीच राहते! याच तत्त्वाने जन्मतारीख न दाखवता वय अठरा पूर्ण असल्याचे सिद्ध करता येते.

मिकाली व चार्ल्स रॅकॉफ यांच्यासह लिहिलेला हा निबंध परिषदांनी एकाहून अधिक वेळा परत पाठवला. तिघांनी तो पुन्हा पुन्हा सुधारला, आणि १९८५ साली तो स्वीकारला गेला. १९९३ साली गोडेल पारितोषिक प्रथमच देण्यात आले, तेव्हा त्याच्या मानकऱ्यांत हाच निबंध होता. २०१२ चे ट्यूरिंग पारितोषिक बाईंना मिकालींबरोबर मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री.

भगिनींनो, आपल्या घरांतून मुलींना अजूनही विचारले जाते, 'एवढे गणित शिकून करणार काय?' त्या निबंधाचे मोलही परिषदांना प्रथम ओळखता आले नव्हते. तेव्हा घरातली मुलगी गणिताची वही घेऊन बसली, तर तिला कामाला हाक मारण्यापूर्वी घटकाभर थांबू या.