सुडोच्या दारात गळालेली प्रॉक्सी

हैदराबादच्या एका ऑफिसात मी उबुंटू सर्व्हर लावत होते. तिथं इंटरनेट प्रॉक्सीमधूनच मिळायचं, म्हणून एचटीटीपी_प्रॉक्सी हा व्हेरिएबल एक्स्पोर्ट केला. कर्ल छान चाललं. पण 'सुडो एपीटी अपडेट' दिलं की अडकून बसायचं. तपासायला 'सुडो इको $एचटीटीपी_प्रॉक्सी' दिलं, तर पत्ता व्यवस्थित दिसला! म्हणजे रूटला प्रॉक्सी मिळतेय, दोष नेटवर्कवाल्यांचा. अर्धा दिवस त्यांच्याशी भांडले.

चूक माझीच होती. डॉलर लावलेलं नाव सुडो वाचतच नाही. सुडो सुरू होण्याआधीच आपलं शेल त्याजागी किंमत भरतं. इकोला तयार पत्ता मिळाला, त्यानं तो छापला. खरं बघायचं तर 'सुडो प्रिंटएन्व्ह एचटीटीपी_प्रॉक्सी' द्यायचं. मी दिलं. उत्तर कोरं.

सुडोमध्ये एन्व्ह_रीसेट मुळातच चालू असतं. टर्मसारखे मोजके व्हेरिएबल आत जातात, होम आणि यूजर नव्यानं भरले जातात, बाकीचे दारातच गळतात. उबुंटूत पाथच्या जागी सेक्युअर_पाथ येतो. त्रास वाटतो ना? पण समजा, तुमच्या पाथमध्ये सर्वांत आधी असा फोल्डर आहे, ज्यात कुणी 'एलएस' नावाची खोटी फाइल ठेवलीय. तोच पाथ रूटला मिळाला तर ती फाइल रूट म्हणून चालेल. एलडी_प्रीलोड तर त्याहून वाईट: हवी ती लायब्ररी रूटच्या प्रोग्राममध्ये घुसवता येईल.

यावर कुणीही पटकन 'सुडो -ई' सांगतं. मी ते टाळते. त्यात तुमचं होमही सोबत जातं, रूट तुमच्याच फोल्डरात फाइली लिहितो, आणि उद्या तुमच्याच प्रोग्रामला 'परमिशन डिनाइड' येतं. शिवाय सेक्युअर_पाथ लावलेला असेल तर पाथ तरीही जात नाही. तिथं कमांडचा पूर्ण पत्ता द्यावा. परवानगी असेल तर '--प्रिझर्व्ह-एन्व्ह=एचटीटीपी_प्रॉक्सी' असं नाव घेऊन एकच व्हेरिएबल न्यावा. कायमचं हवं असेल तर सुडोअर्समध्ये एन्व्ह_कीप, पण फाइल विसुडोनंच उघडा. तिथं एक चूक राहिली तर सुडोच बंद पडू शकतं.

मी शेवटी प्रॉक्सी एपीटीच्या स्वतःच्या कॉन्फिगमध्ये लिहिली. मग नेटवर्कवाल्यांना चहा पाजून आले.