हमीपत्र आणि चचांची वही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कार्यकारिणीच्या वतीने वाचलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आपण आतापर्यंत संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि लखनौतील मराठी माणसांचे कर्तृत्व अशा भारदस्त विषयांवरील व्याख्याने ऐकली. त्या पंक्तीत डिझेल गाडीच्या दुरुस्तीचा विषय आणून बसविणे काहींना औचित्यभंगाचे वाटेल. परंतु आपल्या मंडळाची गाडी ही आपण सर्वांनी वर्गणी काढून घेतलेली गाडी आहे. ती पाच महिने का उभी राहिली, तिच्या दुरुस्तीचा खर्च अखेर कोणी सोसला आणि त्या काळात आमच्या हातून कोणता अन्याय घडला, याचा हिशेब देणे आम्हांस भाग आहे. तो देता देता ग्राहकाच्या हक्कांविषयी चार उपयुक्त गोष्टी सांगता आल्या, तर हा वेळ वाया गेला असे आपण म्हणणार नाही, अशी आशा आहे.

अलीगंज, इंदिरानगर, गोमतीनगर, आलमबाग अशा दूरदूरच्या वस्त्यांत आपली कुटुंबे विखुरलेली आहेत. वृद्ध सभासदांना कार्यक्रमास आणावे, आजाऱ्याला रुग्णालयात न्यावे, गणपतीचे सामान वाहावे, या हेतूने आपण ही व्हॅन घेतली. तीन वर्षे किंवा एक लक्ष किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंतचे हमीपत्र तिच्यासोबत मिळाले. ते आम्ही कपाटात ठेवले आणि खरे सांगावयाचे तर कोणीही वाचले नाही.

दुसऱ्या वर्षी गाडीचा जोर कमी होऊ लागला. समोरच्या फळीवर एक पिवळी बत्ती लागे, विझे आणि पुन्हा लागे. शेवटी ऐन गणेशोत्सवाच्या तोंडावर गाडी जागची हलेना. अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपने तपासणी करून सांगितले की, धुराड्यातील काजळीचा फिल्टर पूर्ण तुंबला आहे, तो बदलावा लागेल आणि खर्च सव्वा लाखाच्या घरात जाईल. हमीपत्राविषयी विचारताच उत्तर मिळाले : “ही ड्रायव्हरची चूक आहे. हमीत बसत नाही.”

हे उत्तर आम्हांस पटले, कारण त्यात तथ्याचा अंश होता. तो कोणता, हे थोडे समजून घेतले पाहिजे. डिझेल जळताना काजळी निर्माण होते. नव्या गाड्यांना १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. तेव्हापासून ही काजळी हवेत जाऊ नये म्हणून डिझेल गाड्यांच्या धूरनळीत जाळीदार फिल्टर बसविलेला असतो. तो भरत आला की इंजिन स्वतःच थोडे अधिक डिझेल सोडून धुराचे तापमान सुमारे सहाशे अंशांपर्यंत चढविते आणि साठलेली काजळी जाळून टाकते. मात्र त्यासाठी गाडी काही काळ न थांबता एका वेगाने धावावी लागते. अमीनाबादच्या गर्दीत पावलोपावली थांबणाऱ्या गाडीला ती संधी मिळत नाही. म्हणूनच, बत्ती लागताच गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यावी, अशी सूचना अशा गाड्यांच्या पुस्तिकांत असते. ती न पाळल्यास दोष चालविणाऱ्याचा ठरतो.

आम्ही दोष चालविणाऱ्यावर ठेवला. मंडळाची गाडी चालविणाऱ्या वयोवृद्ध गृहस्थांना आपली मुलेबाळे ‘चचा’ म्हणतात. इतक्या वर्षांत त्यांच्या हातून गाडीला ओरखडा उठला नव्हता. आम्ही त्यांना बोलावून घेतले आणि दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग म्हणून त्यांच्या पगारातून दरमहा दोन हजार रुपये कापण्याचा ठराव केला. ते वाद घालीत बसले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाबूजी, बत्ती तो मैंने पहले ही दिन दिखाई थी.” ते वाक्य आम्ही ऐकले, पण मनावर घेतले नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे, हे कळावयास पाच महिने लागले.

वार्षिक हिशेबाच्या वेळी खजिनदारांनी डिझेलच्या पावत्या मागितल्या. चचांनी एक जाडजूड वही आणून दिली. प्रत्येक पानावर तारीख, किलोमीटरचा आकडा, भरलेले डिझेल आणि टाचणीने लावलेली पावती. डिझेल सर्वत्र एकाच पंपावरचे. ज्या दिवशी बत्ती प्रथम लागली त्या दिवसाची नोंद होती, आणि त्याच दिवशी गाडी वर्कशॉपमध्ये नेल्याचीही. तेथे संगणक लावून बत्ती विझविली आणि गाडी परत दिली. पुढे दोन महिन्यांत असे आणखी दोनदा घडले. मधल्या काळात पहाटे सीतापूर रोडवर गाडी वीस-वीस मिनिटे न थांबता चालविल्याच्या चार नोंदी होत्या. पुस्तिकेत सांगितलेले सर्व काही त्या माणसाने केले होते. वर्कशॉपच्या तिन्ही जॉबकार्डांवर मात्र ‘सामान्य तपासणी’ एवढेच दोन शब्द होते, आणि त्यांखाली सही करणारे आमच्याच कार्यकारिणीचे सदस्य होते.

त्या रात्री आम्ही हमीपत्र प्रथमच वाचले. त्यानंतर गाडी बनविणाऱ्या कंपनीच्या मुख्य कार्यालयास नोंदणीकृत टपालाने पत्र पाठविले. वहीच्या पानांच्या प्रती जोडल्या आणि तीन प्रश्न विचारले : बत्ती प्रथम किती किलोमीटरला लागली, हे इंजिनाच्या संगणकात नोंदलेले आहे काय? मोकळ्या रस्त्यावर चालवूनही फिल्टर पुन्हा पुन्हा का भरतो? आणि हमी नाकारण्याचे कारण लेखी का मिळू नये?

काही आठवड्यांनी कंपनीचा अभियंता आला. त्याने संगणकातील नोंद काढली आणि ती चचांच्या वहीतील आकड्याशी जुळली. पुढील तपासणीत मूळ दोष सापडला. एका इंजेक्टरचे तोंड नीट मिटत नव्हते. त्यातून डिझेल ठिबकत होते, ते अर्धवट जळत होते आणि नेहमीच्या कितीतरी पट काजळी फिल्टरमध्ये जात होती. फिल्टर हा रोगी होता, रोग अन्यत्र होता. इंजेक्टर हमीत बसत होता, आणि त्याच्यामुळे बिघडलेला फिल्टरही. दोन्ही भाग मजुरीसह विनामूल्य बदलून मिळाले.

हे प्रकरण पत्रावर मिटले. न मिटते तर आयोगाकडे देण्याची तक्रार आम्ही तयार ठेवली होती. त्या निमित्ताने कायद्याचा जो परिचय झाला, तो थोडक्यात सांगतो.

आपले मंडळ स्थापन झाले त्याच सुमारास, १९७४ मध्ये, पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून माल एकत्र खरेदी करण्याची तिची रीत घरोघरी पोहोचली. एकटा ग्राहक दुबळा असतो, ही त्या चळवळीची साधी शिकवण होती. १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आला.

या कायद्याच्या इतिहासात आपल्या लखनौचेही नाव आहे. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९३ मध्ये निर्णय दिला की, घरे बांधून देणारी सरकारी प्राधिकरणेही या कायद्याच्या कक्षेत येतात आणि ग्राहकाला झालेल्या मनस्तापाचीही भरपाई देता येते. ग्राहकाला झालेला त्रास हीसुद्धा हानीच आहे, हे त्या निर्णयाने अधोरेखित केले.

आमच्यापुढे पहिली शंका अशी होती की, संस्था ही ग्राहक ठरते काय? कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात संस्थांचाही समावेश आहे. वगळले आहे ते व्यापारी हेतूने केलेल्या खरेदीला. त्यातही अपवाद आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, पोटासाठी स्वतः रिक्षा चालविणारा माणूस ती रिक्षा घेताना ग्राहकच असतो. आपली गाडी तर भाड्याने चालविण्यासाठी घेतलेलीच नाही.

दुसरी शंका ठिकाणाविषयी होती. कंपनी दूर, आपण लखनौत. नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. दिलेली किंमत पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. दहा ते वीस लाखांच्या वस्तूसाठी ते अवघे ४०० रुपये आहे. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. आवश्यक तेथे आयोग वस्तूची तज्ज्ञ तपासणी करवून घेऊ शकतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते.

तिसरी गोष्ट उत्पादकाच्या दायित्वाची. वस्तू दिलेल्या स्पष्ट हमीप्रमाणे नसेल तर तिच्यापासून होणाऱ्या हानीस उत्पादक जबाबदार ठरतो. हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता, असे सिद्ध करूनही त्याची सुटका होत नाही.

परंतु न्यायाची बाजू मांडताना अतिरेकही करू नये. क्लच, ब्रेकची अस्तरे, गाळण्या यांची रोजची झीज हमीत येत नाही. मारुती उद्योगाच्या २००६ मधील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, हमी सदोष भाग दुरुस्त करण्याची वा बदलण्याची असेल, तर संपूर्ण नवी गाडी मागता येत नाही. जे लिहून दिले आहे ते मिळावे, एवढाच आपला आग्रह असावा.

म्हणून आपणांस आमची विनंती अशी आहे. हमीपत्र गाडी घेतलेल्या दिवशीच वाचा. वर्कशॉपच्या जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्या. ‘सामान्य तपासणी’ या शब्दांखाली सही करू नका. तारीख आणि किलोमीटर घातलेली प्रत मागून घ्या. डिझेलच्या पावत्या सांभाळा, कारण भेसळीचा किंवा पाणी मिसळल्याचा आरोप झाल्यास त्याच उपयोगी पडतात. काढलेला जुना भाग पाहावयास मागा. हमी चालू असताना इंजिन बाहेरच्या कारागिराकडून उघडवू नका. आणि हमी नाकारली गेली, तर कारण लेखी मागा. तोंडी नकाराला उत्तर देता येत नाही, लेखी नकाराला येते.

याच नगरीत १९२६ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने संगीत महाविद्यालय सुरू झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. उस्तादांच्या कंठात असलेल्या चिजा त्यांनी गावोगाव हिंडून कागदावर उतरविल्या, म्हणून त्या टिकल्या. लिहून ठेवण्याचे महत्त्व त्या थोर पुरुषाने जेथे दाखवून दिले, तेथील आम्ही सुशिक्षित मंडळींनी एक साधे जॉबकार्ड वाचले नाही. वही ठेवली ती आम्ही ज्यांना दोषी ठरविले त्यांनी.

चचांच्या पगारातून कापलेले दहा हजार रुपये कार्यकारिणीने आपापल्या खिशातून परत केले. मंडळाच्या निधीस त्याची तोशीस लावली नाही, कारण चूक मंडळाची नव्हती, आमची होती. पैसे त्यांनी घेतले. मात्र ठराव जसा सभेत झाला, तशी क्षमाही सभेतच मागितली पाहिजे. ते आज मागच्या रांगेत बसले आहेत. या व्यासपीठावरून आम्ही सर्वजण त्यांची क्षमा मागतो, आणि त्यांच्याविरुद्धचा तो ठराव इतिवृत्तातून रद्द झाल्याचे येथे जाहीर करतो.

गाडी पुन्हा रस्त्यावर आली आहे. आज आलमबागहून आलेली वडीलधारी मंडळी तिच्यातूनच आली, आणि कार्यक्रम संपल्यावर तिच्यातूनच घरी जातील. चचांनी आपली वही परत मागून घेतली आहे, कारण तिच्यात अजून पाने शिल्लक आहेत.